1956 साली पेटलेले जग : नगरमध्ये वाचलेली एक जुनी कादंबरी

सन 1914 च्या सुरुवातीला लंडनमध्ये एच. जी. वेल्सची ‘द वर्ल्ड सेट फ्री’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि हिंदुस्थानात व्यापारासाठी, मिशनच्या कामासाठी राहिलेल्या जर्मन व ऑस्ट्रियन पुरुषांना धरून अहमदनगरच्या छावणीत आणून ठेवले जाऊ लागले. पुढे पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत पकडलेलेही इथेच आले. कालपर्यंत एखाद्या पेढीवर हिशेब लिहिणारा माणूस नगरच्या उन्हात तारेच्या कुंपणाआड बसला. वेल्सने कल्पिलेले युद्ध याहून फार मोठे आणि फार पुढचे होते. पण लांबचे भांडण आपल्या दारात कसे येऊन उभे राहते, याची चुणूक नगरने त्याच वर्षी पाहिली.

ही कादंबरी 1913 मध्ये लिहिलेली. ‘अणुबॉम्ब’ या शब्दाचा इंग्रजी अवतार तिच्यातूनच रूढ झाला. तेव्हा अणूचे केंद्रक ही कल्पना जेमतेम दोन वर्षांची होती, न्यूट्रॉन सापडायला 19 वर्षे होती आणि लढाऊ विमान ही चीज बाल्यावस्थेत होती. अशा वेळी वेल्सने लिहिले की 1933 मध्ये एक शास्त्रज्ञ अणूतली शक्ती मोकळी करण्याची युक्ती शोधून काढील, वीस वर्षांत ती कारखान्यांत येईल आणि 1956 मध्ये जगातली मोठी शहरे तिच्या आगीत जातील. 1921 च्या आवृत्तीला त्याने नवी प्रस्तावना जोडली. भविष्य सांगणाऱ्याने तारखा जरा लांबच्या द्याव्यात, या सावधगिरीने आपण युद्ध 1956 पर्यंत ढकलले, अशा अर्थाचा खुलासा तीत आहे.

गेल्या मे महिन्यात मी ही कादंबरी पुन्हा वाचली. 22 एप्रिलला पहलगाम झाले होते. 7 मेला ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले, त्याच दिवशी देशातल्या 244 नागरी संरक्षण जिल्ह्यांत भोंगे वाजवून सराव झाला, आणि 10 मेच्या संध्याकाळी शस्त्रसंधी जाहीर झाली. मधल्या रात्री दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांवर अण्वस्त्रांची चर्चा क्रिकेटच्या धावसंख्येसारखी चालली होती : यांच्याकडे इतकी, त्यांच्याकडे तितकी. अमेरिकेतल्या अणुशास्त्रज्ञांच्या नियतकालिकाने ‘प्रलयाचे घड्याळ’ जानेवारीतच मध्यरात्रीच्या 89 सेकंद अलीकडे आणून ठेवले होते. एकशेअकरा वर्षांपूर्वीचे कल्पित अशा दिवसांत काय सांगू शकते, ते तपासून पाहावे एवढाच या लेखाचा हेतू. त्यासाठी नगर हे ठिकाण सोयीचे आहे. (शासकीय कागदांवर आता अहिल्यानगर आहे. गाडी मात्र अजून ‘नगरला’च जाते.) का सोयीचे, ते पुढे येईल.

आधी कादंबरी. ती कथानकापेक्षा इतिहासाच्या पुस्तकासारखी लिहिली आहे. भविष्यातला कोणी इतिहासकार मागे वळून आपल्या पिढीची हकिगत सांगतो आहे. पात्रे थोडी, तीही पातळ. प्रेमकथा शोधणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. पण पहिल्या भागात वेल्सने जे केले आहे ते आजही थक्क करते. अणुशक्ती येते ती बॉम्ब म्हणून येत नाही, इंजिन म्हणून येते. 1953 मध्ये ‘होल्स्टन-रॉबर्ट्स’ इंजिन कारखान्यांत बसू लागते. (आपल्याकडे त्या सुमारास लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना नुकता उसाचे गाळप करू लागला होता.) शक्ती जवळपास फुकट मिळते आणि म्हणूनच हाहाकार उडतो. कोळशाच्या खाणी बंद, जुनी यंत्रे भंगारात, लाखो माणसे बेकार. नव्या प्रक्रियेतून सोने हे टाकाऊ उत्पादन म्हणून बाहेर पडते, त्यामुळे चलनाचाही भरवसा जातो. लंडनच्या रस्त्यांवरून बेकारांचे मोर्चे निघतात आणि बार्नेट नावाचा, एके काळचा सुखवस्तू तरुण त्यांच्याकडे पाहत राहतो, कारण तोही आता त्यांच्यातलाच झालेला असतो. समृद्धी आणि उपासमार एकाच यंत्रातून निघतात, आणि युद्ध त्यानंतर येते. हा क्रम वेल्सने विचारपूर्वक ठेवला आहे.

युद्धाची प्रकरणे लहान आहेत. पॅरिसमध्ये युद्धाचे नियंत्रण करणाऱ्या इमारतीत मोठमोठे नकाशे पसरले आहेत, मार्शल दुब्वा शांतपणे उभा आहे, आणि त्याच्याकडे देव पाहावा तसे पाहणारी एक टंकलेखिका आपल्या जागेवर बसली आहे. बॉम्ब पडतो. शुद्धीवर आल्यावर ती आधी आपल्या साहेबाला शोधू लागते. जे घडले ते इतके मोठे आहे की ते तिला दिसतच नाही, तिला फक्त आपले राहिलेले काम आठवते. प्रलयाचे वर्णन करताना लेखक सहसा कॅमेरा उंच नेतात. वेल्सने तो टेबलाच्या उंचीवर ठेवला. त्याच रात्री फ्रान्सचा एक वैमानिक बर्लिनकडे निघतो. बॉम्ब पेटवण्यासाठी त्याला आत हवा जाऊ द्यायची असते, म्हणून तो सेल्युलॉइडची खुंटी दातांनी तोडतो आणि दोन मुठी धरून बॉम्ब विमानाबाहेर टाकतो. एका माणसाचे दात आणि एक शहर, एवढेच अंतर.

वेल्सचा बॉम्ब आपल्या बॉम्बसारखा नाही. तो क्षणात फुटून संपत नाही, फुटतच राहतो. त्यातल्या ‘कॅरोलिनम’ या कल्पित मूलद्रव्याची निम्मी शक्ती 17 दिवसांत खर्च होते, उरलेल्याची निम्मी पुढच्या 17 दिवसांत, आणि असेच पुढे. म्हणजे पूर्ण विझणे असे नाहीच. शहराच्या जागी ज्वालामुखी तयार होतो आणि भोवतालचा मुलूख वर्षानुवर्षे पाय ठेवण्याच्या लायकीचा राहत नाही. युद्ध थांबते तेव्हा जगात जवळपास दोनशे ठिकाणी अशा आगी धुमसत असतात. पदार्थविज्ञान म्हणून हे चूक आहे. खऱ्या बॉम्बचा स्फोट सेकंदाच्या दहालाखाव्या भागाच्या हिशेबात आटोपतो. पण चुकीच्या गणितातून वेल्स बरोबर उत्तरावर पोहोचला होता, ते 1954 मध्ये सिद्ध व्हायचे होते.

ही अर्धायुष्याची कल्पना त्याने कुठून घेतली, ते त्याने लपवले नाही. फ्रेडरिक सॉडी या रसायनशास्त्रज्ञाचे ‘द इंटरप्रिटेशन ऑफ रेडियम’ हे व्याख्यानांचे पुस्तक 1909 मध्ये आले होते. कादंबरीची अर्पणपत्रिका त्या पुस्तकालाच आहे. माणसाला नव्हे, पुस्तकाला. त्याच्या अकराव्या प्रकरणातून आपण लांबलांब उतारे उचलले, अशी कबुलीही तिथेच आहे. ‘अकरावे प्रकरण’ हे शब्द लक्षात ठेवावेत.

आता या कादंबरीचा सर्वांत महत्त्वाचा वाचक. लिओ झिलार्ड हा हंगेरीत जन्मलेला ज्यू पदार्थवैज्ञानिक 1932 मध्ये बर्लिनमध्ये राहत होता. तिथे त्याने ही कादंबरी वाचली. त्या वेळी त्याला ती एक कादंबरीच वाटली. पुढच्या वर्षी हिटलर सत्तेवर आला आणि झिलार्ड जर्मनी सोडून व्हिएन्नामार्गे लंडनला पोहोचला. 12 सप्टेंबर 1933 च्या ‘टाइम्स’मध्ये रदरफर्डच्या भाषणाची बातमी होती : अणूतून शक्ती काढण्याची भाषा करणे म्हणजे निव्वळ वायफळ गप्पा. झिलार्डला थोरामोठ्यांचे ‘अशक्य’ ऐकवत नसे. त्याच सुमारास साउदॅम्प्टन रो या रस्त्यावर सिग्नलपाशी थांबलेला असताना त्याच्या मनात आले की एक न्यूट्रॉन गिळून दोन न्यूट्रॉन बाहेर टाकणारे मूलद्रव्य मिळाले तर साखळी प्रक्रिया सुरू होईल. साल 1933. वेल्सने होल्स्टनच्या शोधाला दिलेले नेमके तेच साल.

योगायोग म्हणून हे सोडून देता येईल. पुढचे सोडता येत नाही. झिलार्डने 1934 मध्ये या कल्पनेवर पेटंटसाठी अर्ज केला आणि ते जाहीर होऊ नये म्हणून 1936 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या स्वाधीन केले. शोध लावून तो लपवण्याची धडपड करणारा संशोधक विरळा. कारण त्याने पुढची प्रकरणे वाचलेली होती. आपल्याला पुढचे दिसले ते वेल्समुळे, हे त्याने नंतर स्वतः सांगितले आहे. 1939 मध्ये युरेनियमचे विभाजन सिद्ध झाल्यावर जर्मनी आधी बॉम्ब करील या भीतीने आइन्स्टाइनच्या सहीचे, 2 ऑगस्टची तारीख असलेले पत्र अमेरिकेच्या अध्यक्षांकडे पाठवण्यामागे झिलार्डच होता. आणि जुलै 1945 मध्ये, जर्मनी शरण गेल्यानंतर, जपानवर हे अस्त्र असे वापरू नका म्हणणाऱ्या अर्जावर सुमारे 70 शास्त्रज्ञांच्या सह्या गोळा करणाराही तोच. अर्ज अध्यक्षांपर्यंत वेळेत पोहोचला नाही.

धोक्याची सूचना देणारे पुस्तक एका माणसाने अतिशय गंभीरपणे वाचले आणि त्या वाचनाचा एक परिणाम असा झाला की सूचनेतला धोका लवकर खरा झाला. अशी पुस्तके माणसाला सावध करतात, असे आपण सरसकट म्हणतो. झिलार्ड सावध झाला होताच. सावधपणामुळेच त्याने बॉम्बची घाई केली. ‘शत्रूकडे आधी जाईल’ या वाक्यापुढे सगळ्या कादंबऱ्या थिट्या पडतात. त्यात वेल्सचा दोष नाही, पण त्याच्या हयातीत त्याला याचे समाधानही मिळाले नसणार. तो 13 ऑगस्ट 1946 रोजी वारला. हिरोशिमा पाहायला तो होता.

नगर सोयीचे का, ते आता. रणगाडा दलाचे केंद्र व प्रशाला इथे आहे, वाहन संशोधन संस्था इथे आहे, आणि 1994 मध्ये सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय तर सहलीला आलेल्या शाळकरी मुलांनी गजबजलेले असते. मुले तोफेच्या नळीखाली उभी राहून फोटो काढतात. रणगाड्याची कल्पनाही वेल्सचीच, हे तिथे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ‘द लँड आयर्नक्लॅड्स’ ही त्याची गोष्ट 1903 च्या डिसेंबरात ‘स्ट्रँड’ मासिकात आली. खरे रणगाडे सोमच्या लढाईत उतरले ते सप्टेंबर 1916 मध्ये. चर्चिलने महायुद्धाच्या इतिहासात वेल्सला याचे श्रेय दिले आहे. म्हणजे एकाच लेखकाची दोन शस्त्रे. एक आपण धूळ पुसून संग्रहालयात ठेवू शकलो. दुसऱ्याचे संग्रहालय करण्याइतके ते अजून जुने झालेले नाही.

आणि इथे किल्ला आहे. हुसेन निजामशहाने दगडी बांधलेला, चांदबिबीने लढवलेला, 1803 च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने घेतलेला हा भुईकोट 9 ऑगस्ट 1942 पासून काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांचा तुरुंग झाला. मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, नेहरू, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आणि इतर, मिळून बारा जण. सुरुवातीला वर्तमानपत्रेही मिळत नव्हती. आझादांच्या पत्नीचे निधन ते इथे बंदीत असताना झाले. ‘गुबार-ए-खातिर’मधली, टपालात न टाकलेली पत्रे त्यांनी याच भिंतींच्या आत लिहिली. नेहरू बागकाम करीत. खणताना जुन्या भिंतींचे, घुमटांच्या माथ्यांचे अवशेष लागत. शेवटी त्यांनी कुदळ ठेवून लेखणी घेतली आणि एप्रिल ते सप्टेंबर 1944 या काळात ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. बंगालचा दुष्काळ त्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात येतो.

तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. नेत्यांना किल्ल्यात येऊन चार महिनेही झाले नव्हते तेव्हा, 2 डिसेंबर 1942 रोजी, शिकागोच्या एका क्रीडांगणाच्या प्रेक्षागारांखाली फर्मी आणि झिलार्ड यांच्या अणुभट्टीत पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया सुरू झाली. नेहरू ज्या पाच महिन्यांत पाच हजार वर्षांचा इतिहास लिहीत होते त्या काळात लॉस अलामॉसला बॉम्बची जुळणी चालू होती. मार्च 1945 अखेर त्यांना नगरहून हलवले, 15 जूनला ते सुटले, 16 जुलैला पहिला चाचणी स्फोट झाला आणि 6 ऑगस्टला हिरोशिमा. भारताचा भूतकाळ शोधण्यासाठी लिहिलेले पुस्तक छापून येण्याआधीच जग दुसऱ्या युगात गेले होते.

नेहरूंनी वेल्सची ही कादंबरी वाचली होती, असा माझा दावा नाही. वेल्सच्या जगाच्या इतिहासाचा त्यांनी तुरुंगातून मुलीला लिहिलेल्या पत्रांसाठी आधार घेतला होता, आणि ‘ग्लिम्प्सेस ऑफ वर्ल्ड हिस्ट्री’मध्ये ते ऋण मानले आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. वेल्सने कादंबरीत जे काम स्फोटांच्या नंतरसाठी राखून ठेवले, ते नगरच्या किल्ल्यातून सुटलेल्या या कैद्याने दहा-अकरा वर्षांनी स्फोटांच्या आधी करायचा प्रयत्न केला. त्याकडे वळण्याआधी नेवाशाला थांबले पाहिजे.

16 जुलैचा स्फोट पाहताना गीतेच्या अकराव्या अध्यायातला श्लोक आपल्याला आठवला, असे ओपेनहायमरने 1965 च्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात सांगितले. तो बत्तिसावा श्लोक, ज्यात श्रीकृष्ण स्वतःला लोकांचा क्षय करणारा काळ म्हणवतो. संस्कृत तो बर्कलीला आर्थर रायडर यांच्याकडे शिकला होता. तेव्हापासून अणुबॉम्ब आणि विश्वरूपदर्शन ही जोडी जगभर चलनी झाली. हाच अकरावा अध्याय नगर जिल्ह्यातल्या नेवाशाला, शके 1212 मध्ये, एका खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी मराठीत सांगितला. खांब अजून आहे. मराठी वाचकाने ओपेनहायमरचा श्लोक त्या खांबापाशी नेऊन वाचायला हरकत नाही. ज्ञानेश्वरीत भय कमी नाही. जळणारी तोंडे, गिळली जाणारी सैन्ये, कापणारा अर्जुन हे सगळे सविस्तर आहे. पण अध्यायाच्या आरंभीच ज्ञानेश्वर श्रोत्यांना सांगून ठेवतात की इथे शांताच्या घरी अद्भुत पाहुणा म्हणून आला आहे. घर शांताचे आहे. अध्यायाचा शेवटही विराट रूपाच्या थरारात होत नाही. अर्जुन नेहमीच्या सौम्य रूपात परत ये म्हणून विनवतो आणि देव येतो. ओपेनहायमरच्या आठवणीत एकच श्लोक उरला आणि परतीचा भाग गळाला. वाळवंटातल्या त्या पहाटे परत बोलावण्यासारखे काही नव्हतेही. सॉडीचे अकरावे प्रकरण आणि गीतेचा अकरावा अध्याय या योगायोगावर मी इमारत बांधणार नाही. मात्र नेवाशाचे वाचन हे दाखवते की अशा प्रसंगी ‘दिपून जाणे’ ही एकच भाषा आपल्याजवळ नाही.

1 मार्च 1954 रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर ‘ब्राव्हो’ हा उदजन बॉम्ब उडवला. शक्ती 15 मेगाटन, अपेक्षेच्या अडीचपट. दूरवर मासेमारी करणाऱ्या ‘लकी ड्रॅगन’ या जपानी बोटीवर पांढरी राख पडली. 23 खलाशी आजारी पडले. त्यांपैकी रेडिओचालक कुबोयामा सप्टेंबरात मरण पावला. वेल्सचा न थांबणारा बॉम्ब प्रत्यक्षात आला तो असा : स्फोट संपला होता, बॉम्ब संपला नव्हता. तो वाऱ्यावरून, पावसातून, माशातून येत होता. 2 एप्रिल 1954 रोजी नेहरूंनी लोकसभेत निवेदन केले आणि चाचण्या आहेत तिथे थांबवण्याचा करार करा, अशी मागणी मांडली. निःशस्त्रीकरण होईल तेव्हा होईल, निदान उडवणे तरी थांबवा. चाचणीबंदीची जाहीर मागणी करणारा हा जगातल्या अगदी पहिल्या सरकारी आवाजांपैकी एक.

त्यापुढचे पाऊल मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण ते साधे आहे. या स्फोटांचे परिणाम काय होतात ते सामान्य नागरिकाला कळेल अशा रीतीने लिहून काढा, असे काम सरकारने संरक्षण खात्याचे वैज्ञानिक सल्लागार दौलतसिंह कोठारी यांच्याकडे दिले. होमी भाभा आणि टाटा मेमोरियलचे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांचे सहकार्य घेऊन कोठारींनी ‘न्यूक्लिअर एक्स्प्लोजन्स अँड देअर इफेक्ट्स’ हे पुस्तक तयार केले. नेहरूंच्या प्रस्तावनेसह सरकारच्या प्रकाशन विभागाने ते छापले. अण्वस्त्रे असलेले देश आकडे दडवून बसले होते आणि ज्याच्याकडे एकही बॉम्ब नाही असा देश उघड साहित्यावरून हिशेब मांडत होता : उष्णता किती, स्ट्राँशियम हाडांत कसे साठते, पुढच्या पिढ्यांवर काय होऊ शकते. त्यात कादंबरी नाही, टंकलेखिका नाही, वैमानिकाचे दात नाहीत. पण माझ्या मते तो वेल्सच्या पुस्तकाचा सर्वांत चांगला वाचनपाठ आहे, कोठारींनी वेल्स वाचलेला असो वा नसो.

या पुस्तकाचे साल 1956. वेल्सच्या प्रलयाचे साल. त्याच वर्षी 4 ऑगस्टला तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही आशियातल्या पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात हंगेरीत सोव्हिएत रणगाडे घुसले, सुएझवर इंग्लंड-फ्रान्सने हल्ला केला आणि मॉस्कोने लंडन-पॅरिसला रॉकेटची धमकी दिली. भविष्यवेत्त्याची तारीख इतक्या जवळून गेली, आणि काही झाले नाही. इथे वेल्सची खरी चूक दिसते. त्याच्या गोष्टीत शहाणपण येते ते शहरे जळाल्यावर. मग इटलीच्या सीमेजवळ ब्रिसागोला राजे आणि अध्यक्ष जमतात, इंग्लंडचा राजा एगबर्ट राजमुकुट सोडतो, गवताखाली बॉम्ब लपवणारा बाल्कनचा कोल्हा-राजा मारला जातो आणि एक जगाचे सरकार उभे राहते. सगळे फार लवकर आणि फार सभ्यपणे. आपल्या वाट्याला ते जळणे आले नाही आणि म्हणून ते शहाणपणही आले नाही. आपल्या वाट्याला आले ते पुढे ढकलणे. सत्तर वर्षे आपण 1956 पुढे ढकलत आहोत.

या ढकलण्यात भारतही आहे. जून 1946 मध्ये मुंबईत बोलताना नेहरूंनीच म्हटले होते की जग जसे आहे तसे असेपर्यंत प्रत्येक देश आधुनिकतम साधने बाळगणारच. अणुशक्ती आपण विधायक कामाला वापरू अशी आशा आहे, पण धोका आला तर देश आपल्या हाती असेल त्या साधनांनी स्वतःचे रक्षण करील. हा परिच्छेद त्यांच्या भक्तांना अडचणीचा आणि टीकाकारांना आवडता असतो. 1963 मध्ये वातावरणातल्या चाचण्यांवर बंदीचा करार झाला आणि भारताने लगेच सही केली. 18 मे 1974 ला पोखरणला जमिनीखाली स्फोट केला, मे 1998 मध्ये आणखी पाच केले. कोठारींच्या काळात जिची पायाभरणी झाली त्या संरक्षण संशोधन संघटनेचीच एक शाखा नगरची वाहन संशोधन संस्था आहे. हिशेब मांडणारे आणि साधन घडवणारे एकाच घरातले. याला ढोंग म्हणणे सोपे आहे. मी म्हणणार नाही. झिलार्डलाही तसे म्हणता येत नाही.

मे महिन्यातल्या त्या चार दिवसांत मला कोठारींच्या पुस्तकाची आठवण होत राहिली. वाहिन्यांवर अस्त्रांची संख्या होती, पल्ला होता, वेग होता. लाहोर किंवा अमृतसरवर एक बॉम्ब पडला तर पंजाबच्या गव्हाचे काय होईल, वारा कोणत्या महिन्यात कुठे वाहतो, किती रुग्णालये उरतील, हे सांगणारे कोणी नव्हते. 1956 मध्ये सरकारनेच ते सांगायची तयारी दाखवली होती. मराठीत अशा विषयावर लिहू शकणारा एक माणूस त्याच महिन्यात गेला : जयंत नारळीकर, 20 मे रोजी, पुण्यात. त्यांच्या ‘वामन परत न आला’मध्ये एक लुप्त संस्कृती आपले ज्ञान आणि आपल्या नाशाची हकिगत जमिनीत पुरून ठेवते, आणि उकरणाऱ्यांना आधी ज्ञान हाती लागते. ती अणुयुद्धाची गोष्ट नाही. पण झिलार्डच्या वाचनाची गोष्ट म्हणून ती वाचता येते.

‘द वर्ल्ड सेट फ्री’चा शेवट हिमालयात आहे. तिबेटातून उतरणाऱ्या सतलजच्या घळीवर एक शस्त्रक्रिया केंद्र आहे. तिथे कॅरेनिन नावाचा अपंग, वृद्ध विचारवंत शस्त्रक्रियेची वाट पाहत तरुणांशी बोलत बसतो. बोलणे सुंदर आहे, थोडे लांबलेले आहे. जागा मात्र बोलकी आहे. नवे जग उभारायला वेल्सला आपल्याकडचा डोंगर हवा होता, आपल्याकडच्या माणसाला कथेत मध्यवर्ती जागा द्यावी असे त्याला वाटले नाही. सतलजच्या त्याच वरच्या खोऱ्यात 1944 मध्ये हाइनरिश हारर हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक डेहराडूनच्या छावणीतून पळून, तिबेटकडे जाताना भटकला. दुसऱ्या महायुद्धात धरल्यावर त्याला पहिल्यांदा आणून ठेवले होते ते नगरच्याच छावणीत.

झिलार्डने उतारवयात स्वतःच कथा लिहिल्या. 1961 मध्ये ‘द व्हॉइस ऑफ द डॉल्फिन्स’ हा संग्रह आला. शीर्षककथेत अमेरिकी आणि रशियन शास्त्रज्ञ व्हिएन्नामध्ये एक संस्था काढतात, डॉल्फिनांची भाषा शिकतात, आणि डॉल्फिनांनी दिलेल्या सल्ल्याने पंचवीसेक वर्षांत जगाचे निःशस्त्रीकरण होते. मग संस्था बंद होते, डॉल्फिन मरतात आणि कागदपत्रे नष्ट होतात. तो सल्ला खरोखर डॉल्फिनांचा होता की माणसांचे कोणी ऐकत नाही म्हणून शास्त्रज्ञांनी आपलेच म्हणणे त्यांच्या तोंडी घातले होते, अशी शंका कथेतच काही जण घेतात. झिलार्डने तिचा निकाल दिलेला नाही.